माळ्यावरचा गहू

आमच्या घरात पुराचं पाणी दारातून येत नाही, मोरीतून येतं. हे मला कळलं तेव्हा मी नवी सून होते आणि मोठ्या शहाणपणाने उंबऱ्यावर वाळूची पोती रचत होते. सासूबाई मागून ओरडल्या, "अगं, दार सोड! मोरी बघ आधी!" मोरीच्या जाळीतून काळपट पाणी बुडबुडे काढत वर येत होतं. दाराबाहेरची पायरी तेव्हा भिजलीसुद्धा नव्हती. तारीख 19 सप्टेंबर 2008. दोन तासांनी ती पायरी, तो उंबरा आणि माझी पोती, सगळंच पाण्याखाली होतं.

घर जुन्या नाशकातलं, गंगेपासून दोन गल्ल्या आत. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे हरिद्वारला नव्हे, भाजी आणायला.) एके काळचा वाडा, आता वाटण्या होऊन उरलेला तुकडा: खाली ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि मोरी, वर लाकडी फळ्यांचा माळा, माळ्यावर पत्रे. या घराला पुराची इतकी सवय आहे की पूर हा आमच्याकडे पाहुण्यांमध्ये मोजतात. आगंतुक खरा, पण ओळखीचा.

त्याची ओळख सांगायला रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. दोन्हीकडे तोंड असलेली ही उंच मूर्ती म्हणजे नाशिकची पट्टी. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते हल्ली मोबाइलवर मिनिटा-मिनिटाला येतं, पण त्या आकड्यावरून आमच्या गल्लीत कुणी हलत नाही. "मारुतीला कुठवर लागलं?" एवढंच विचारतात. सासूबाईंचं कोष्टक पक्कं आहे. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात, ते आपण बघायचं. कमरेला लागलं की गहू माळ्यावर. छातीला लागलं की माणसं माळ्यावर. डोक्यावरून गेलं तर काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "मग देवालाच काही दिसत नाही, तुला कोण काय सांगणार!"

त्यांनी 1969 चा महापूर लहानपणी पाहिलेला. धरण 1965 सालीच बांधून झालं होतं, तरी तो पूर आला. त्यामुळे धरण आहे म्हणून निर्धास्त राहा, असं त्यांना आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. पुरात रिकामा सिलिंडर तरंगतो आणि भिंतींवर आपटत फिरतो, म्हणून तो खांबाला बांधायचा. मोरीच्या तोंडात गोणपाटाचा बोळा, त्यावर पाटा. मीटरचं मेन पाणी यायच्या आधी बंद, आल्यावर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी उतरायला लागलं की खराटा घेऊन त्याच्या मागोमाग चालायचं. गाळ पाण्यात असतो तोवर पाण्याबरोबर जातो. पाणी निघून गेल्यावर उरला तर दुसऱ्या दिवशी फावड्याने, आणि चार दिवसांनी छिन्नीने. 2008 ला मी आणि त्या, दोघी पदर खोचून पहाटे तीन वाजता ते पाणी अक्षरशः घराबाहेर हाकत होतो, म्हशी हाकाव्यात तसं. त्या रात्री मी खऱ्या अर्थाने या घरची झाले.

माझं माहेर रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धनचं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाडी, वाडीत माड आणि पोफळी, मध्ये मंगळुरी कौलांचं घर. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर आम्हा भावंडांची शिक्षणं झाली. लग्न ठरलं तेव्हा आईला एकाच गोष्टीचं समाधान होतं: मुलगी समुद्रापासून लांब चालली, वादळवाऱ्याची कटकट नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं की त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत फक्त 80 किलोमीटर आहे. गोदावरी मात्र या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पाणी या समुद्रातून ढगात बसून येतं, सह्याद्रीला धडकतं, आमच्या मोरीतून डोकावतं आणि त्या समुद्राला जातं. म्हणजे लहानपणी मी ज्या समुद्रात पाय बुडवले, तोच सासरी भेटायला येतो, फक्त खारटपणा मागे ठेवून. हे मी एकदा सासूबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "मग त्याला सांग, येताना गाळ नको आणू."

गंगेकाठी आणखी एक माहेरवाशीण आहे. नारोशंकराच्या देवळाची घंटा. देऊळ 1747 चं. घंटा त्याच्याही आधीची, पोर्तुगीजांची. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयात ती मिळाली आणि हे देऊळ बांधणाऱ्या सरदार नारोशंकरांकडे आली, असं सांगतात. वसईच्या खाऱ्या वाऱ्यातली घंटा इथं गोड्या पाण्याच्या काठी येऊन टांगली गेली. मोठा पूर आला की पाणी तिच्यापर्यंत पोचतं. मी तिच्यासमोरून भाजी घेऊन जाते तेव्हा उगाचच तिच्याकडे बघते.

तर मुद्दा असा की माझी आई आणि माझ्या सासूबाई, दोघी संकटातल्या माहीतगार. पण त्यांची संकटं वेगळी. सासूबाईंचं पाणी. आईचं वारं. सासूबाईंचं संकट खालून वर येतं, हळूहळू, पायऱ्या मोजत. आईचं वरून येतं आणि मोजत-बिजत नाही. पावसाआधी आई कौलं परतून घ्यायची, ओसरीला झडीसाठी झापं बांधायची. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आलं तेव्हा तिने तांदळाचे डबे माजघरात जमिनीवर आणले, कॉटखाली ढकलले आणि वरून ताडपत्री टाकली. "वारं वरचं नेतं, खालचं ठेवतं," हे तिचं वाक्य. मी ते शंभर वेळा ऐकलं होतं. पण सासरी दहा-बारा वर्षं काढली की माहेरचं शहाणपण पेटीत जातं. कुणी ठेवायला सांगत नाही, आपलं आपणच ठेवतो.

मध्ये 2016 आलं. ऑगस्टची 2 तारीख. गंगा पुन्हा माजघरात. आम्ही माळ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात पोहे खात होतो. त्याच रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, दोन एसट्या आणि इतर गाड्या घेऊन. माझा भाऊ तेव्हा महाडला नोकरीला होता. त्याचा फोन लागेपर्यंतचे तास मी इथं लिहिणार नाही. तो सुखरूप होता. एवढंच की त्या रात्रीपासून पावसाळ्यात माझे दोन कान दोन गावांना असतात.

आणि मग 2020. जूनची 3 तारीख, बुधवार. टाळेबंदीतून बाहेर यायला नुकती सुरुवात झाली होती. घरात सगळे चोवीस तास समोरासमोर. त्या कंटाळ्याचा एक फायदा झाला होता: वाळवण कधी नव्हे इतकं झालं. एरवी दोन किलो गव्हाच्या कुरडया, त्या साली पाच किलोच्या. पापड, सांडगे, शेवया. वर्षाचा गहू भरलेला, तीन क्विंटल, उन्हं देऊन, एरंडेल लावून. सासूबाई रोज एकदा डबे उघडून बघायच्या आणि समाधानाने बंद करायच्या.

वादळाचं नाव निसर्ग. नाव बांगलादेशने सुचवलेलं. पण मराठी वर्तमानपत्रांची त्यामुळे पंचाईत झाली, कारण "निसर्गाचा तडाखा" असं लिहिलं तर ते नेहमीचं वाक्य वाटतं. रायगडच्या किनाऱ्यावर धडकणार, ताशी शंभराहून जास्त वेग, पुढे पुणे-नाशिककडे सरकणार. रेड अलर्ट. सासऱ्यांनी टीव्हीवर "अतिवृष्टी" शब्द वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, "पाणी येणार."

सकाळी आठपासून आम्ही सामान वर न्यायला लागलो. या कामात आमचं घर सैन्यासारखं चालतं. नवरा जिन्याच्या वर, मी मध्ये, मुलगा खाली, सासूबाई हुकूम सोडायला. गव्हाची पोती, कुरडयांचे पत्र्याचे डबे, गोधड्या, कागदपत्रांची ट्रंक, लग्नाचे अल्बम. मोरीत बोळा, बोळ्यावर पाटा. सिलिंडर खांबाला. अकराच्या सुमारास सगळं झालं आणि मी घाम पुसत आईला फोन लावला.

"वारं सुटलंय गो," ती म्हणाली. मागे माडांचा आवाज येत होता, ओरडल्यासारखा. "सामान सगळं खाली घेतलंय. तुमचं काय?"

"आमचं वर नेऊन झालं."

"वर?" ती म्हणाली. आणि फोन तुटला.

तो प्रश्न होता, आश्चर्य होतं की सूचना, ते मला तेव्हा कळलं नाही. खरं सांगायचं तर कळलं होतं. पोटात कुठेतरी लख्ख कळलं होतं. पण तीन क्विंटल गहू वर नेऊन झालेला, पाठ मोडलेली, सासरे समाधानाने चहा पीत बसलेले. अशा वेळी सुनेने काय म्हणायचं, "परत खाली आणू या"? आणि शिवाय समुद्र कुठं, नाशिक कुठं! इथं येईपर्यंत वाऱ्याचा दम संपेल, असं मी माझं मलाच सांगितलं. आईला पुन्हा फोन लावला. लागला नाही. दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि मग चार दिवस श्रीवर्धनहून मला कुणाचाच आवाज आला नाही.

नाशकात अंधार पडायच्या सुमाराला खरा जोर आला. पाऊस आडवा होता. लाइट गेले. सासूबाई मोरीपाशी स्टूल टाकून बसल्या, हातात बॅटरी, नजर पाट्यावर. जून लागला की धरण तळाला गेलेलं असतं, तिकडून विसर्ग कुठला होणार, हे त्यांना नवऱ्याने दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बॅटरी तिथंच ठेवली.

मग मला वर कुणीतरी चालल्यासारखं वाटलं. एक पाऊल, थांबून दुसरं. मग खडखड. पत्र्याचा हुक सैल झाला की तो आधी असा चालतो, मग धावतो, मग उडतो. मी लहानपणापासून तो आवाज ओळखते, गोठ्याच्या पत्र्यांचा. मी "पत्रा!" म्हणून ओरडले आणि जिन्याकडे पळाले, तेवढ्यात वर कापड फाटावं तसा आवाज झाला आणि माळ्यावर आकाश आलं.

दोन पत्रे गेले होते. फक्त दोन. पण नेमके कोपऱ्यातले, ज्यांच्याखाली आम्ही सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून पोती रचली होती. नवऱ्याने तिसऱ्या पत्र्याला दोर टाकला आणि तो वाशाला बांधून धरून बसला. मी आणि मुलगा डबे ओढायला लागलो. एका डब्याचं झाकण वाऱ्याने आधीच नेलं होतं. त्या डब्यात हात घातला तर कुरडया हाताला लागल्याच नाहीत. लागला तो गिळगिळीत, ऊन-ऊन वास मारणारा लगदा. तीन दिवस भिजवलेल्या, वाटलेल्या, चाळलेल्या गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्यातून काढून, गच्चीवर चार उन्हं दाखवून ज्याची कुरडई केली, ती पाणी पिऊन पुन्हा चीक व्हायला निघाली होती. मला त्या अंधारात भलतंच हसू आलं. मुलगा घाबरून बघत होता, आई रडतेय की काय म्हणून.

माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून पाणी खाली माजघरात गळायला लागलं. मी खाली आले तेव्हा सासूबाई अजून स्टुलावर होत्या. वरून त्यांच्या खांद्यावर पाणी ठिबकत होतं आणि त्या बॅटरीच्या उजेडात मोरीकडे बघत होत्या. मोरी कोरडी होती. बोळा कोरडा, पाटा कोरडा. त्यांनी एकदा मोरीकडे पाहिलं, एकदा छताकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं, "आता काय करायचं असतं गं?"

मी म्हटलं, "खाली आणायचं असतं, आई."

रात्रभर तीच साखळी उलटी चालली. कॉटखाली, टेबलाखाली, जिन्याखाली. ओलं पोतं कोरड्याच्या दुप्पट जड लागतं, विशेषतः ते सकाळी आपणच वर नेलेलं असेल तर.

गंगा काही त्या दिवशी दारापर्यंत आली नाही. दोन दिवसांनी सासरे जाऊन दुतोंड्या मारुतीचं दर्शन घेऊन आले. मूर्तीकडे बघून आपल्याला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं, असं म्हणाले. गव्हाला तिसऱ्या दिवशी मोड आले. अर्ध्याहून जास्त गेला. वाळवून जो वाचेल असं वाटलं त्यालाही आंबूस वास राहिला, तो गाईंना घातला. अल्बमची पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. आमच्या सप्तपदीच्या फोटोवर आता मुलाच्या बारशाचा पाळणा उमटलेला आहे.

पत्र्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आणि ते आमच्याच विरुद्ध आहे. हुक गंजले होते, वायसर सडले होते, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. नदीकाठी पूररेषा आखतात. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लालच्या मध्ये अटी. आमचं घर अशा ठिकाणी आहे की कोणतंही काम काढलं की चुलत्यांपैकी कुणीतरी "पूररेषा" एवढा एकच शब्द उच्चारतं आणि विषय संपतो. पण दोन हुक बदलायला कुणी अडवलं होतं? रेषा जमिनीवर होती. छपराकडे आम्ही कुणी बघितलंच नाही.

चौथ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. भाऊ माणगावपर्यंत येऊन रेंज शोधत होता. त्याने व्हिडिओ काढून आणला होता, त्यात आई. ओसरीच्या पायरीवर बसलेली, मागे घराला छप्पर नाही. म्हणजे वासे आहेत, त्यांच्यामधून निळं आकाश. आणि त्याच्यामागे, जिथं मला नेहमी वाडीची हिरवी भिंत दिसायची, तिथं थेट समुद्र. पोफळी मधोमध मोडलेल्या, काड्यापेटीतल्या काड्या मोडाव्यात तशा. जे माड उभे होते त्यांच्या झावळ्या खाऱ्या वाऱ्याने करपून तपकिरी. "अडीचशेतल्या एकोणीस राहिल्या," आई कॅमेऱ्यात बघून म्हणाली. "रोप लावून फळ धरायला सहा-सात वर्षं. बघू." मग थोडं थांबून, "तांदूळ कोरडे आहेत हो."

तिचा स्वतःचा फोन लागायला बरेच दिवस गेले. श्रीवर्धनला वीज यायला कित्येक आठवडे लागले. लागला तेव्हा मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी हात पुढे केला. त्यांनी फोन कानाला लावला आणि स्पीकर कसा करायचा ते माहीत नसल्यामुळे नेहमीप्रमाणे ओरडून बोलल्या, पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू आलं.

"विहीणबाई, धान्य कुठं ठेवलं होतंत?"

"कॉटखाली हो. ताडपत्री टाकून."

"आम्ही माळ्यावर."

पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, "तुमच्याकडे पूर येतो ना, तुम्ही तरी काय करणार!"

"ह्या वेळी आला नाही ना मेला," सासूबाई म्हणाल्या.

आणि दोघी हसल्या. छप्पर नसलेल्या घरातली एक आणि गहू नसलेल्या घरातली दुसरी. मी दोघींच्या मध्ये फोनचा चार्जर धरून उभी होते.

पत्रे आम्ही त्याच महिन्यात बदलले. हुकांच्या जागी नटबोल्ट, कोपऱ्याच्या पत्र्यांवरून तारेचा वेढा. हे आईने सांगितलं. आईने नवं छप्पर घातल्यावर देवघराच्या उंचीवर एक भक्कम मधली फळी करून घेतली. हे सासूबाईंनी सांगितलं, कारण त्या म्हणाल्या, आज वारं आलं, उद्या खाडी आत शिरली तर कॉटखालचं काय कराल? दोघींची आता जूनच्या पहिल्या आठवड्यात न चुकता फोनवर एक बैठक होते. मला त्यात फोन लावून देण्यापुरतं काम असतं.

2022 च्या जुलैत गंगा पुन्हा चढली. मोरीतून बुडबुडे आले, सासूबाईंचा चेहरा उजळल्यासारखा मला वाटला, देव मला क्षमा करो. आपल्या ओळखीचं संकट होतं. पाणी उतरलं तसा त्यांनी खराटा हातात घेतला. गुडघे दुखतात म्हणून स्टुलावर बसून, पण हाकलं त्यांनीच.

यंदाच्या मे महिन्यात गहू आला, नेहमीप्रमाणे तीन क्विंटल. उन्हं दिली, एरंडेल लावलं. मग सासूबाईंनी तो सरळ निम्मा केला. दीड क्विंटल माळ्यावर, दीड कॉटखाली. कॉटखालच्या पोत्यांवर ताडपत्री टाकली आणि तिला मारलेली गाठ त्यांनी मला ओढून बघायला सांगितली. ती गाठ आमच्याकडची नाही, पडाव म्हणजे होडी बांधायची आहे. आईने व्हिडिओ कॉलवर अर्धा तास घेऊन शिकवलेली.

मुलगा दारात उभा राहून बघत होता. "आजी, आणि पूर आणि वादळ एकदम आलं तर?"

सासूबाईंनी गाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "तर मग आधीच दळून आणू," आणि त्याला पाटा उचलायला मोरीकडे पिटाळलं.